जुलैत मुलांना घेऊन धबधब्याला: नाव सांगतो, पण आधी वाट बघू

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ऐरोलीला राहता. तुम्ही दोघं, अकरा वर्षांची मुलगी, सात वर्षांचा मुलगा, सोबत मेहुणा आणि त्याचे कॉलेजातले दोन मित्र. जमलंच तर गुडघे दुखणाऱ्या आईंनाही न्यायचंय. जुलैतला एखादा रविवार, सकाळी जाऊन संध्याकाळी घरी, गर्दी नको, मुलांना पाण्यात खेळता यावं, थोडं जंगलातून चालणं व्हावं आणि जागा 'सेफ' असावी. फक्त नाव सांगा, असं तुम्ही लिहिलंय.

नावं सांगतो, जरा पुढे. त्याआधी एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. ठाणे, कर्जत, पनवेल, शहापूर या पट्ट्यात 'सेफ धबधबा' नावाची जात नाही. एकच ओढा सकाळी नऊला घोट्याएवढा असतो आणि बाराला माणसाला उभं राहू देत नाही. तेव्हा कुठला धबधबा सुरक्षित, हा प्रश्न मी लोकांना बाजूला ठेवायला लावतो. त्याऐवजी असं विचारा: तिथून घरी येताना मला वाहतं पाणी किती वेळा ओलांडावं लागेल? शून्य वेळा असेल तर जागा तुमच्या कुटुंबासाठी विचारात घेण्यासारखी. एकदा असेल तर त्या दिवसाच्या पावसावर. दोनदा किंवा जास्त असेल तर सात वर्षांच्या मुलाला घेऊन जुलैत नाही, मग फोटो कितीही सुंदर दिसोत.

मी नौपाड्यात राहतो आणि बरीच वर्षं पावसाळ्यात हौशी मंडळींचे गट घेऊन याच डोंगरांत फिरतोय. जाण्याच्या वाटेवर अडचण सहसा येत नाही. लोक ताजेतवाने असतात, पाणी कमी असतं, कोणीतरी पुढे होऊन हात देतो. अडचण येते ती परतताना, दोन-अडीच वाजता, भिजून, भुकेलेली मुलं घेऊन. मधल्या काळात वरच्या पठारावर एक मोठी सर कोसळून गेलेली असते आणि आपल्याला तिचा पत्ताच नसतो.

हे असं का होतं ते नीट समजून घ्या, कारण बाकीचं सगळं त्यावरच उभं आहे. आपला सह्याद्री म्हणजे लाव्ह्याचे थर एकावर एक. हा काळा कातळ पाणी फारसं पीत नाही, आणि कड्यावर, उतारावर माती वीतभरसुद्धा नसते. जूनमध्ये ती थोडं शोषते, जुलैत तीही तुडुंब. मग वर पडलेलं पाणी पत्र्याच्या छपरावर पडल्यासारखं सरळ खाली येतं. माथेरानचा माथा सुमारे 800 मीटरवर, आणि तुम्ही उभे असता त्याच्या पायथ्याच्या एखाद्या ओढ्यात. माथ्यावर ढग फुटला तरी तुमच्या डोक्यावर ऊन असू शकतं. म्हणून 'इथे पाऊस नाही, काही होत नाही' हे वाक्य कोणी म्हणालं की मी आधी वर कड्याकडे बघतो. कडा ढगात बुडालेला असेल आणि तिकडे काळं झालं असेल, तर आपल्या डोक्यावरच्या उन्हाला काही अर्थ नाही.

उदाहरणं दुर्दैवाने आपल्या आसपासचीच आहेत. ऑगस्ट 2019 मध्ये खारघरला पांडवकड्याजवळच्या ओढ्यात चार कॉलेजच्या मुली वाहून गेल्या. 30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण गेले, त्यात लहान मुलं होती. प्रवाहाच्या मधोमध एका खडकावर सगळे एकमेकांना धरून उभे असलेला तो व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. त्याच वर्षी जुलैत बेलापूरला आर्टिस्ट कॉलनीमागच्या डोंगरात साठेक माणसं ओढ्याच्या पलीकडे अडकली. अग्निशमन दल आणि पोलिसांनी त्यांना बाहेर काढलं. बेलापूरचं उदाहरण मुद्दाम देतोय. ती जागा वस्तीला लागून आहे. स्टेशन जवळ, सोसायट्या जवळ, मोबाईलला रेंज, आणि तरी माणसं अडकलीच.

आता मी स्वतः काय करतो ते सांगतो. ओढ्याशी पोहोचलो की पाण्यात उतरण्याआधी काठावरचा एक दगड हेरतो, असा की ज्याचा निम्मा भाग पाण्यात आहे आणि निम्मा कोरडा. त्याच्यावर एखादी खूण बघून ठेवतो, शेवाळाची रेघ, एखादी भेग, काहीही. मग दर दहा-पंधरा मिनिटांनी नजर तिकडे. खूण पाण्याखाली गेली की मंडळींना बाहेर काढायचं, चर्चा नंतर. मुलांना हे काम द्या. अकरा वर्षांची मुलगी हे मोठ्यांपेक्षा जास्त इमानाने करते, असा माझा अनुभव आहे. दुसरं, पाण्याचा रंग. स्वच्छ पाणी चहासारखं व्हायला लागलं, पानं-काटक्या वाहून यायला लागल्या, की वर लोंढा सुटलाय असं समजायचं. तिसरी खूण आवाजाची. पाण्याच्या खळखळाटाखालून दगडावर दगड आपटल्याचा खोल, बोदा आवाज यायला लागला तर तळाचे धोंडे हलतायत. तो आवाज ऐकल्यावर पाण्यात पाय ठेवायचा नाही, समोर तुमची बस उभी असली तरी.

ओलांडायचंच असेल तर हद्द गुडघ्याची, पण कोणाच्या गुडघ्याची? गटातल्या सगळ्यात लहान माणसाच्या. तुमच्या मुलाचा गुडघा म्हणजे तुमची अर्धी पोटरी. तेवढंच पाणी तुमचं. जोराच्या प्रवाहात त्याहून वर गेलं की थांबायचं आणि वाट बघायची. आपले ओढे जसे भराभर चढतात तसे पाऊस थांबला की उतरतातही. कित्येकदा तासा-दोन तासांत वाट मोकळी होते. अडकलेली माणसं बहुतेकदा अंधार होईल, शेवटची गाडी चुकेल या घाईने उतरतात आणि तिथे घात होतो. म्हणून पिशवीत एक जेवण जास्तीचं आणि एक बॅटरी हवीच, दिवसाची सहल असली तरी.

वाट निवडायची कशी? डोंगरात चढायच्या वाटा साधारण दोन प्रकारच्या. एक सोंडेवरून जाते, म्हणजे डोंगराची जी धार खाली उतरलेली असते तिच्या पाठीवरून. दुसरी नाळेतून, म्हणजे दोन सोंडांच्या मधल्या घळीतून. पाणी घळीतूनच येणार, हे उघड आहे. पावसाळ्यात सोंडेची वाट चिखलाची, घसरडी, कंटाळवाणी असेल, पण ती तुम्हाला पाण्यात पकडत नाही. खांडसहून भीमाशंकरला जायच्या दोन वाटा याचं चांगलं उदाहरण आहेत: शिडी घाट जवळचा, रोमहर्षक आणि पावसात अंगावर येणारा; गणेश घाट लांबचा आणि सोपा. जुलैत मी लोकांना गणेश घाटानेच नेतो, आणि कोणी नाक मुरडलं तर मुरडू देतो.

घरबसल्या तपासायचं असेल तर मोबाईलवर नकाशाचं उपग्रहाचं चित्र उघडा. ते उन्हाळ्यात घेतलेलं असेल तर उत्तमच. करड्या, भाजलेल्या डोंगरात ज्या बारीक हिरव्या पट्ट्या दिसतात त्या ओढ्यांच्या. ओल राहते म्हणून काठची झाडी हिरवी राहते. तुमची पायवाट अशा किती पट्ट्या कापते ते मोजा. मग गावातल्या माणसाला विचारा. 'धबधबा कुठाय' असं न विचारता 'पाऊस लागला तर परत यायला दुसरी वाट आहे का' असं विचारा. पहिल्या प्रश्नाला हात दाखवून उत्तर मिळतं. दुसऱ्याला माणूस थांबून, आभाळाकडे बघून उत्तर देतो.

बंदीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण ते टाळून चालणार नाही. दर पावसाळ्यात धबधबे, धरणं, कुंडं यांवर मनाई आदेश निघतात, हल्ली भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 खाली, म्हणजे पूर्वीचं 144. ऐरोली ठाणे जिल्ह्यात. पण खारघर, पनवेल, नेरळ, कर्जत, खोपोली हे सगळं रायगडात. तुंगारेश्वर पालघरमध्ये. त्यामुळे आदेश वेगळे, तारखा वेगळ्या, आणि गेल्या वर्षी उघडं असलेलं ठिकाण यंदा बंद असू शकतं. निघण्याच्या आदल्या दिवशी त्या जिल्ह्याच्या प्रशासनाचं आणि स्थानिक पोलिसांचं ताजं पत्रक बघा. 107 मीटर उंचीचा पांडवकडा रस्त्यावरून बघायला फार देखणा आहे. वनखात्याने तिथे प्रवेश बंद ठेवलाय आणि तो लांबूनच बघावा. बदलापूरजवळच्या कोंडेश्वरच्या कुंडाचंही तेच. येऊर तुमच्या सगळ्यात जवळ, पण तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. रस्त्यावरून चालणं वेगळं आणि आतल्या ओढ्यांत शिरणं वेगळं. येऊरचं नाव काढलं की लोक बिबट्याची काळजी करतात, ओढ्याची करत नाहीत. उलट असायला हवं.

सरसकट बंदी मला आवडते असं नाही. चार चांगल्या वाटा त्यात उगाच बंद होतात आणि गावातल्या वडापाववाल्याचा हंगाम बुडतो. पण नाका चुकवून मागच्या ढोरवाटेने शिरायचं, हा प्रकार मी करत नाही आणि कोणी सुचवला तर त्याला सोबत घेत नाही. काही झालं तर रात्री दोर आणि बॅटऱ्या घेऊन खाली उतरायला लागतं ते जवळच्या पाड्यातल्या पोरांना आणि बचावाच्या स्वयंसेवकांना. ती मंडळी कोणालाच नाही म्हणत नाहीत.

आता पाण्यात खेळण्याचं. इथे मी थोडा कडक आहे. धबधब्याच्या थेट खाली उभं राहायचं नाही, कारण वरून पाण्याबरोबर दगड येतात आणि ते दिसत नाहीत. आणि खालच्या डोहात उतरायचं नाही, पोहता येत असलं तरी. पडत्या पाण्याच्या फेसात हवा असते, त्यात अंग तरंगत नाही. पट्टीचे पोहणारे तिथे हात मारत राहतात आणि जागचे हलत नाहीत. शिवाय आपल्या कातळात रांजणखळगे असतात. प्रवाहातले गोटे एकाच जागी गरगर फिरून खडकाला भोक पाडतात, तोंड अरुंद आणि आत खोल. वरून पाणी ढोपरभर दिसतं आणि पाय एकदम कमरेपर्यंत आत जातो. मुलांनी खेळावं कुठे? धबधब्यापासून बरंच खाली, जिथे ओढा पसरट होतो, तळाची वाळू-खडी दिसते आणि काठावर दोन पावलांत चढता येतं. तिथेही एक मोठा माणूस मुलांच्या खालच्या अंगाला उभा हवा, म्हणजे प्रवाह ज्या दिशेने नेईल त्या बाजूला. मुलं नव्वद टक्के मजा त्या घोटाभर पाण्यातच करतात. उंच धारेखालचा फोटो मोठ्यांनाच हवा असतो.

तर नावं.

तुमच्या सगळ्या कुटुंबासाठी, आईंसकट, माझं पहिलं उत्तर माथेरान. ऐकून निराश व्हाल, 'धबधबा विचारला आणि हिल स्टेशन सांगितलं'. पण माझ्या मोजपट्टीने बघा. ओढा ओलांडणं शून्य. नेरळला उतरायचं, टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत, पुढे गाड्यांना बंदी. तिथून लाल मातीच्या, झाडांनी झाकलेल्या वाटा, धुकं आणि चिखल. जंगलातून चालणं हवंय ना, ते इथे भरपूर. शार्लोट तलाव भरला की सांडव्यावरून पाणी पडतं, आणि धुकं फाटलं की पॉईंटांवरून समोरच्या कड्यांवरच्या पांढऱ्या रेघा दिसतात. इथला धोका पाण्याचा नसून कड्याचा आहे: कठड्यापलीकडे कोणी जायचं नाही आणि सांडव्याच्या खालच्या अंगाला मुलांना सोडायचं नाही, ते पाणी पुढे दरीतच जातं. माकडं हातातलं खाणं पळवतात, तेवढं सांभाळा. गर्दी असतेच, पण ती बाजारपेठेत आणि दोन-तीन पॉईंटांवर. बाकीच्या वाटांवर पावसात चिटपाखरू नसतं.

मेहुण्याला आणि त्याच्या मित्रांना हे मिळमिळीत वाटणार. त्यांच्यासाठी, आणि मुलगी चालणारी असेल तर तिच्यासाठीही, गार्बेटचं पठार. भिवपुरी रोडला उतरायचं, पाली-भूतिवली धरणाच्या काठाने पुढे, मग चढ, वर सागाची वाडी, आणि तिथून उघडं हिरवं पठार. माथेरानच्या कड्यावरून पडणारं पाणी समोर दिसत राहतं. पुढे चढून गार्बेट पॉईंटवरून माथेरानात शिरता येतं आणि दस्तुरीहून गाडीने नेरळला उतरता येतं. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते: ज्या वाटेने आलो तिनेच परतायची सक्ती नाही. खालचे ओढे सकाळी कमी पाण्यात पार होतात आणि दुपारी त्यांचं तोंड बघावं लागत नाही. मात्र पठारावर धुक्यात दिशा कळत नाही. गुरांच्या वाटा चारी बाजूंना फुटलेल्या असतात आणि सगळ्या सारख्याच दिसतात. वाडीतला एखादा माणूस सोबत घ्या, त्याची मजुरी आधी ठरवा आणि घासाघीस करू नका. जेवणही तिथेच सांगून ठेवा. पिठलं, भाकरी, आणि नशिबात असेल तर एखादी रानभाजी. सात वर्षांच्या मुलासाठी हा चढ मी सुचवणार नाही, कारण चार-पाच तासांनी त्याला पाठीवर घ्यावं लागेल, आणि घसरड्या उतारावर पाठीवरचं मूल म्हणजे दोघांनाही धोका.

तिसरं, माहुली किल्ल्याचा पायथा. कसारा लोकलने आसनगाव, तिथून रिक्षाने माहुली गाव. हे तानसा अभयारण्यात येतं, वनखात्याच्या नाक्यावर नोंद करून पुढे जायचं. समोर सुळक्यांची ती सगळी रांग आणि पावसात तिच्यावरून लोंबणाऱ्या धारा, हे दृश्य गावातूनच दिसतं. किल्ल्याची वाट सोंडेने चढते, वर लोखंडी शिडी आहे, ती तुमच्या मुलांसाठी नको. पायथ्याच्या जंगलात तास-दीड तास आत जाऊन, ओढ्याच्या अलीकडच्या काठावरच राहून परत फिरायचं. 'अलीकडच्या' शब्दाखाली रेघ मारा.

पनवेलच्या बाजूला नेरे-मालडुंगे करत धोदाणीला जाता येतं, माथेरानची पश्चिमेकडची बाजू. गाढी नदीचं खोरं, भातशेती, कड्यांवरून येणारं पाणी. ऐरोलीहून गाडीने जाणार असाल तर हा दिवस छान जातो. पण रविवारी दहानंतर त्या अरुंद रस्त्यावर वाहनांची रांग लागते, गाण्यांचा आवाज, बाटल्या. सातला तिथे असाल तर खोरं तुमचं एकट्याचं. भिवपुरीजवळच्या धबधब्याचंही असंच. स्टेशनपासून चालत जाता येतं हा त्याचा गुण आणि तोच दोष.

नाही म्हणतो ती नावंही सांगतो, कारण मेहुणा तीच सुचवेल. खोपोलीचा झेनिथ नको. माळशेजजवळचा काळू अफाट आहे, पण ती अनुभवी माणसांची आणि सप्टेंबरातली गोष्ट. कसाऱ्याजवळचं विहीगाव देखणं आहे, तिथे दोरावरून उतरायचे कार्यक्रम होतात, तरण्या पोरांनी चांगल्या गटाबरोबर जावं. लहान मुलांना तिथे करण्यासारखं फारसं नाही. माळशेज घाटात रस्त्याकडेला भिजायचं तर वरून दरड आणि मागून ट्रक, दोन्हीकडे लक्ष ठेवून कसली मजा!

पावसाचा अंदाज कसा वाचायचा यावर लोक फार गोंधळतात. हवामान खात्याच्या भाषेत 24 तासांत 64.5 ते 115.5 मिलिमीटर म्हणजे जोरदार, 115.6 ते 204.4 अति जोरदार, त्यापुढे अत्यंत जोरदार. रेड अलर्ट असेल तर घरी भजी तळा. ऑरेंज असेल तर ओढ्याच्या जवळपास नाही, माथेरानसारख्या ठिकाणी हरकत नाही. यलोला विचार करायचा, पण तेव्हा मी आदल्या दोन दिवसांचा पाऊस बघतो. दोन दिवस धो-धो कोसळलेला असेल तर डोंगर भरलेला असतो आणि मग एखादी साधी सरही पुरते. सकाळी निघताना खात्याचा पुढच्या तीन तासांचा इशारा बघा, दुपारी रेंज मिळेल तिथे पुन्हा.

आणि रेल्वे धरून चालू नका. कर्जतची लाईन उल्हास नदीच्या खोऱ्यातूनच जाते. 27 जुलै 2019 ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावं लागलं होतं. ज्या पावसात ओढा तुम्हाला अडवतो त्याच पावसात गाडीही अडते, म्हणून त्या लाईनवर कोणी ओळखीचं राहत असेल तर नंबर हाताशी असू द्या.

तारखेबद्दल माझं मत विचाराल तर जुलै सोडा. ऑगस्टचा उत्तरार्ध ते सप्टेंबरचा मध्य, तेव्हा या. धबधबे वाहतेच असतात, पावसाला उघडीप मिळते, तेरडा फुललेला असतो, सप्टेंबरात पठारांवर सोनकी पिवळी होते. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात तर अजिबात नको, उन्हाळाभर सुटलेले दगड तेव्हा खाली येतात. सप्टेंबर सरता सरता मात्र दुपारनंतर गडगडाटी पाऊस आणि विजा सुरू होतात, तेव्हा उघड्या पठारावरून दोनच्या आत खाली. रविवारऐवजी शनिवार किंवा रजा टाकून मधला वार जमला तर गर्दीचा अर्धा प्रश्न तिथेच सुटतो.

सामानाचं फार लिहीत नाही. पायात पकड असलेले बूट. हिरवे हंटर शूज स्वस्त आणि चिखलात नंबरी, नवे असतील तर आठवडाभर आधी घालून मऊ करा. रबरी चपला, क्रॉक्स घरीच. ओढा ओलांडताना बूट काढू नका, ओले झाले तर झाले. छत्री नको, हात मोकळे हवेत. पाठपिशवीच्या आत मोठी प्लास्टिकची पिशवी घालून त्यात कोरडे कपडे, मुलांचे दोन जोड. प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी, पाण्याच्या आवाजात हाक ऐकू जात नाही. दगडाच्या फटीत हात घालायचा नाही. पावसात फुरशासारखे विषारी साप अशाच जागी बसलेले असतात. अडचण आली तर 112, रुग्णवाहिकेला 108. आणि एक गोष्ट लोक विसरतात: पायाला जखम असताना गढूळ पाण्यात फिरलात आणि नंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, अंगदुखी आली, तर डॉक्टरांना 'ओढ्यात उतरलो होतो' हे आपणहून सांगा. लेप्टोची, म्हणजे दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची, शंका त्यांना आधी यायला हवी.

राहिला आईंचा प्रश्न. गुडघे दुखत असतील तर त्यांना ओढ्याच्या काठी, ओल्या दगडावर तीन तास बसवून ठेवू नका. तेच लोक करतात आणि मग परतताना त्यांनाच सगळ्यात जास्त त्रास. माथेरानला न्या. नेरळहून वर येणारी छोटी गाडी पावसाळ्यात बंद असते, पण अमन लॉज ते माथेरान शटल चालते. दस्तुरीवरून अमन लॉज स्टेशन जवळच, तिथून शटलने बाजारपेठेपर्यंत. त्यांच्याबरोबर एक जण थांबा, एखाद्या हॉटेलच्या व्हरांड्यात गरम चहा आणि समोर धुकं, बाकीच्यांनी तोवर शार्लोटकडे चालून यावं. शटलचं तिकीट तिथेच खिडकीवर काढायचं असतं आणि सुट्टीच्या दिवशी दहानंतर रांग वाढत जाते, तेव्हा ऐरोलीहून पहिल्या गाड्यांपैकी एखादी धरून ठाण्याला या आणि सहाच्या आसपासची कर्जत लोकल पकडा.